सायकोसिसचा धोका असलेल्या तरुण मुलांचं रोजचं फंक्शनिंग कसं तपासायचं: नव्याने या कामात आलेल्यांसाठी

या कामात नवीन आलात की पहिल्याच आठवड्यात हातात तीन-चार स्केल्स आणि एक जाडजूड मॅन्युअल पडतं आणि सांगितलं जातं की पुढच्या सोमवारपासून इंटरव्ह्यू घ्यायला लागा. माझंही तसंच झालं. लक्षणांबद्दल काय विचारायचं ते शिकून आले होते, आवाज ऐकू येतात का, कुणी मागावर आहे असं वाटतं का, लोक आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटतं का वगैरे, पण समोर बसलेला मुलगा रोजचा दिवस कसा काढतो (यालाच आम्ही फंक्शनिंग म्हणतो) हे कसं विचारायचं आणि त्यावरून आकडा कसा द्यायचा हे मात्र कुणी शेजारी बसून दाखवलं नव्हतं. त्यामुळे सुरुवातीला दिलेले बरेच आकडे नंतर टीमबरोबर बसून बदलावे लागले. तुमचा तो वेळ वाचावा आणि मुख्य म्हणजे त्या पोरांच्या बाबतीत चूक होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

हे आहे सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, काउन्सेलर, रिसर्च असिस्टंट अशांसाठी. पालक वाचत असतील तर जरूर वाचा, पण घरी बसून आपल्याच मुलाला आकडे देऊ नका, काळजी वाटत असेल तर सरळ मानसोपचार तज्ज्ञाकडे घेऊन जा.

आधी थोडी पार्श्वभूमी

सायकोसिस म्हणजे भास, संशय वगैरेंमुळे खऱ्या-खोट्याचं भान सुटणं. मग त्याचा धोका असलेली मुलं म्हणजे नक्की कोण? मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅकगोरी, अ‍ॅलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पेस नावाचं क्लिनिक सुरू केलं, तिथल्या कामातून ढोबळमानाने तीन गट पुढे आले. पहिल्या गटात लक्षणं सौम्य असतात, म्हणजे कुणीतरी हाक मारली असं वाटतं पण 'बहुतेक मलाच भास झाला' एवढं भान शिल्लक असतं. दुसऱ्या गटात खरीखुरी सायकोसिसची लक्षणं येतात पण अगदी थोडे दिवस टिकतात आणि आपोआप जातात. तिसऱ्या गटात आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला सायकोसिस असतो, नाहीतर मुलाची स्वतःची स्किझोटायपल पर्सनॅलिटी (माणसांपासून तुटक राहणं, विचित्र समजुती अशी स्वभावाची घडण) असते, आणि त्याच्या जोडीला रोजचं फंक्शनिंग घसरलेलं असतं.

तिसरा गट परत वाचा. तिथे फंक्शनिंग हा निकषाचाच भाग आहे, म्हणजे तुम्ही आकडा चुकीचा दिलात तर मूल त्या गटात बसायचं राहून जातं किंवा उगाच बसतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धोक्याच्या गटात आलेल्या सगळ्यांना सायकोसिस होत नाही, बहुतेकांना होतच नाही. २०१२ मधल्या एका मोठ्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेल्या विश्लेषणात) एका वर्षात साधारण २२ टक्के आणि तीन वर्षांत साधारण ३६ टक्के मुलांना सायकोसिस झालेला दिसला, नंतरच्या कामांत हे प्रमाण त्याहून कमीच येतंय. मग उरलेल्यांचं काय? त्यातली कितीतरी पोरं कॉलेज सोडून बसलेली असतात, मित्र तुटलेले असतात, नोकरी टिकत नसते, आणि कागदावर मात्र 'सायकोसिस झाला नाही' असं लिहून केस बंद होते. लक्षणं कमी झाली म्हणजे आयुष्य आपोआप रुळावर आलं असं होत नाही, कारण फंक्शनिंगचं नातं भास-संशयापेक्षा इच्छाच न होणं, भावना बोथट होणं, लोकांपासून तुटणं या निगेटिव्ह लक्षणांशी आणि लक्ष, स्मरणशक्ती वगैरेंशी जास्त असतं. म्हणून हे वेगळं मोजायचं, आणि नीट मोजायचं.

लागणारं सामान

इंटरव्ह्यूच्या दिवशी शोधाशोध नको म्हणून आदल्या दिवशीच एका फोल्डरमध्ये हे ठेवा:

- तुमच्या टीमने ठरवलेल्या स्केलचं मॅन्युअल, वर्णनांसकट. नुसती स्कोअर-शीट पुरत नाही.
- कोरे कागद आणि गेल्या दीड-दोन वर्षांचं कॅलेंडर. हे फार कामाला येतं, पुढे सांगते.
- संमतीपत्रं: मुलाचं, अल्पवयीन असेल तर पालकांचं, आणि घरच्यांशी किंवा शाळेशी बोलायला वेगळी परवानगी.
- मिळाले तर शाळा-कॉलेजचे निकाल, हजेरी, नोकरीची कागदपत्रं.
- आधीचे रिपोर्ट, चालू औषधं, झोप आणि नशेबद्दलची आधीची नोंद.
- तातडीची वेळ आली तर कुणाला फोन करायचा त्याचा नंबर, समोर दिसेल असा.

१) स्केल कुठलं आणि ते नक्की काय मोजतं ते समजून घ्या

इथेच पहिला गोंधळ होतो कारण नावं सारखी वाटतात.

जीएएफ हे जुनं, ० ते १०० चं. त्याची अडचण अशी की त्यात लक्षणं आणि फंक्शनिंग एकाच आकड्यात कालवलेली आहेत आणि दोन्हीपैकी जे वाईट असेल त्यावरून आकडा ठरतो. म्हणजे मुलगी रोज कॉलेजला जातेय, मैत्रिणी आहेत, पण लक्षणं तीव्र असतील तर आकडा खाली येणार, आणि नुसता आकडा बघणाऱ्याला वाटणार की हिचं सगळंच ठप्प झालंय. डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ते काढून टाकलं, तरी जुन्या फायलींमध्ये भेटतंच, त्यामुळे ओळखता आलं पाहिजे.

सोफास पण ० ते १०० चं, पण त्यात लक्षणांची तीव्रता धरायची नसते, फक्त सामाजिक आणि कामाचं, शिक्षणाचं फंक्शनिंग. कार्म्स नावाच्या धोका तपासायच्या मुलाखतीबरोबर हेच वापरतात. सिप्स नावाची दुसरी मुलाखत आहे, ती मूळ येलमधली, तिच्यात जीएएफ आहे. तुमची टीम कुठली वापरते ते आधी विचारा.

जीएफ सोशल आणि जीएफ रोल ही दोन स्केल्स खास याच वयाच्या आणि याच धोक्याच्या मुलांसाठी बनवलेली आहेत, बार्बरा कॉर्नब्लॅट आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा पेपर २००७ चा. १ ते १० आकडा, १० म्हणजे उत्तम, १ म्हणजे पूर्ण ठप्प. माणसांमधलं (सोशल) वेगळं मोजायचं, शाळा-काम (रोल) वेगळं मोजायचं. मला विचाराल तर नवीन माणसाने शिकायला हीच घ्यावीत, कारण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची सवय लागते. कितीतरी मुलं अभ्यासात टिकून असतात आणि माणसांमधून पूर्ण उठलेली असतात, आणि उलटही असतं, तिथे एकच आकडा काहीच सांगत नाही.

याशिवाय लहान मुलांसाठी सी-गॅस आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं हूडास आहे ज्यात ३६ प्रश्न असतात (१२ चं छोटं रूपही आहे) आणि मुलगा स्वतःच भरू शकतो, गेल्या ३० दिवसांबद्दल. हूडास जोडीला घ्यायला चांगलं, कारण त्याला स्वतःला कुठे अडचण वाटते ते कळतं. पण मुलाखतीची जागा ते घेऊ शकत नाही.

२) पहिली दहा मिनिटं: संमती, आणि हे कशासाठी आहे ते सांगणं

मुलाला सांगा की ही परीक्षा नाही, पास-नापास नाही, तुझा रोजचा दिवस कसा जातो ते समजून घ्यायचंय म्हणजे कुठे मदत लागेल ते कळेल. 'धोका' हा शब्द वापरायचा की नाही ते टीममध्ये ठरवलेलं असू दे. पण तो स्वतःच इंटरनेटवर वाचून आला असेल आणि 'मला वेड लागणार आहे का' असं विचारत असेल तर टाळू नका, किती टक्के मुलांना सायकोसिस होतो ते वर दिलेले आकडे साध्या भाषेत सांगा.

काय गुप्त राहील आणि काय नाही हे आत्ताच स्पष्ट करा, नंतर नाही. जिवाला धोका असेल तर आम्हाला सांगावं लागेल, हे आधी माहीत असलं की मुलं जास्त मोकळं बोलतात असा माझा अनुभव आहे.

आणि एक, मुलाखतीत आत्महत्येचे विचार आले, किंवा भान सुटलंय, आवाज सांगतील तसं वागतोय असं दिसलं, तर स्केल बाजूला ठेवा. फंक्शनिंगचा आकडा पुढच्या आठवड्यात पण मिळेल. आधी सीनियर डॉक्टर.

३) आकडा नंतर, आधी दिवस ऐका

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि घाईत सगळ्यात आधी हेच वगळलं जातं.

'कॉलेज कसं चाललंय?' विचारलं की उत्तर येतं 'ठीक'. 'मित्र आहेत?' 'आहेत.' 'घरी काही त्रास?' 'नाही.' तीन मिनिटांत सगळे रकाने भरतात आणि तुम्हाला काहीही कळलेलं नसतं. या वयाची मुलं मुद्दाम लपवतात असं नाही, पण महिना महिना तसंच चाललं की त्यांना तेच नॉर्मल वाटायला लागतं, शिवाय निगेटिव्ह लक्षणं असली की लांब उत्तर द्यायलाच ताकद लागते.

मी काय करते, कालच्या दिवसापासून सुरू करते. काल किती वाजता उठलास? स्वतः उठलास की कुणी उठवलं? किती वेळा हाक मारावी लागली? उठल्यावर पहिलं काय केलंस? आंघोळ? कपडे बदललेस? मग? असं करत करत रात्री झोपेपर्यंत यायचं, मध्ये गाळायचं नाही. 'मग दुपारी असाच बसलो होतो' असं आलं की तिथे थांबायचं. असाच म्हणजे कसा? हातात मोबाईल होता? काही बघत होतास की नुसता स्क्रोल? किती वेळ? 'बारा वाजता बसलो आणि अंधार पडल्यावर कळलं' असं वाक्य कुठल्याही रकान्यापेक्षा जास्त सांगून जातं, ते त्याच्या शब्दांत जसंच्या तसं लिहून ठेवा.

मग विचारायचं, काल नेहमीसारखा दिवस होता का? नसेल तर नेहमीचा कसा असतो? सुट्टीचा कसा असतो? मग गेल्या आठवड्यावर जायचं आणि मग महिन्यावर. कॉलेजला 'जातो' म्हणाला तर गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस होतं आणि त्यातले किती दिवस गेला, गेला तर वर्गात बसला की कॅन्टीनमध्ये किंवा गेटवरून परत आला. नोकरी असेल तर किती पाळ्या चुकल्या, कुणी बोललं का, चुका वाढल्यात का.

मेहनत किती लागते ते पण विचारा. आधी एक धडा वाचायला किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो? एक मुलगा तीच ओळ पाच-सहा वेळा वाचावी लागते म्हणाला होता, त्याचे मार्क अजून घसरले नव्हते कारण तो रात्र रात्र जागून भरून काढत होता. निकालपत्रात हे कुठेच दिसलं नसतं.

हवं असेल तर आठवड्याचे तास मोजा. शिक्षण, नोकरी, घरातली कामं, कुणा लहानग्याला किंवा आजारी माणसाला सांभाळणं, खेळ, छंद, लोकांबरोबर बाहेर जाणं, यात एकूण किती तास जातात. काही रिसर्च टीम्स हेच मुख्य माप म्हणून वापरतात आणि मला ते आवडतं, कारण तासांबद्दल वाद घालायला जागा कमी असते आणि घरच्यांनाही लगेच समजतं.

मध्येच तो आवाजांबद्दल किंवा संशयाबद्दल बोलायला लागला तर अडवू नका, ऐका, लिहा, पण मग म्हणा की यावर आपण नंतर नीट बोलू, तू बस पकडलीस तिथे होतो ना, मग काय झालं? नाहीतर मुलाखत लक्षणांकडे वाहत जाते आणि दिवस अर्धवट राहतो.

४) आधी कसा होता? त्याची तुलना त्याच्याशीच

समजा दोन मुलगे आहेत, दोघांचा सोफास आज ५५. पहिला दीड वर्षापूर्वी ८५ ला होता, टीममध्ये खेळायचा, अभ्यास व्यवस्थित, पाच-सहा जवळचे मित्र. दुसरा लहानपणापासून एकटा, कसाबसा पास होणारा, त्याचा आकडा कायम ५८ च्या आसपास. आजचा आकडा एकच पण गोष्ट एक नाही. पहिला घसरतोय, झपाट्याने. दुसऱ्याला मदत लागेलच, पण वेगळी, आणि त्याला 'घसरण' म्हणता येणार नाही.

म्हणून कॅलेंडर. 'एक वर्षापूर्वी कसा होतास' असं विचारलं तर कुणालाच आठवत नाही, तुम्हाला तरी आठवतं का? त्यापेक्षा कागदावर आडवी रेघ मारा, एका टोकाला आज, आणि त्याला माहीत असलेल्या खुणा टाका: दहावीची परीक्षा, घर बदललं तो महिना, भावाचं लग्न, आजारपण, नवीन फोन घेतला तेव्हा. मग विचारा, घर बदललं तेव्हा क्लासला जात होतास का? त्या लग्नात मित्रांना बोलावलं होतंस का? खुणेला धरून आठवण बरोबर येते. आणि घसरण नेमकी कधी सुरू झाली ते रेघेवर दिसायला लागतं, मुलगा स्वतःच म्हणतो की अरे, हे तर तेव्हापासूनच आहे. ही रेघ फाईलला लावून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात एका ओळीत असते आणि प्रत्यक्षात फार डोकं खाते. या वयात जागेवर उभं राहणं म्हणजेसुद्धा मागे पडणं असतं. चौदाव्या वर्षी आई बरोबर असल्याशिवाय कुठे न जाणारा मुलगा सतराव्या वर्षीही तसाच असेल तर त्याने काही 'गमावलं' नाही असं वाटतं, पण त्याच्या वयाची पोरं पुढे गेलीत. म्हणून दोन तुलना करायच्या, एक त्याची त्याच्याशी आणि एक त्याच्या वयाच्या, त्याच्याच सारख्या परिस्थितीतल्या मुलांशी. तुमच्या स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांशी नाही.

५) हे सगळं कुणाच्या जोरावर चाललंय?

इथली माझी चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) एक मुलगी, मार्क चांगले, हजेरी पूर्ण, शाळेची एकही तक्रार नाही. मी जीएफ रोलला ८ दिले आणि खूश होऊन पुढे गेले. केस टीमपुढे मांडली तेव्हा माझ्या सीनियर मॅडमनी एकच प्रश्न विचारला, तिला सकाळी उठवतं कोण? मला माहीत नव्हतं. परत फोन केला तर कळलं की आई तिला उठवते, दप्तर भरते, वर्गाच्या दारापर्यंत सोडते, संध्याकाळी शेजारी बसून एकेक उत्तर लिहून घेते आणि प्रोजेक्ट तर स्वतःच करते. आईने त्यासाठी नोकरी अर्ध्या वेळेची करून घेतली होती. मुलगी उभी होती ती आईच्या खांद्यावर. ८ कुठला, आम्ही सगळ्यांनी मिळून तो ५ केला.

त्या ५ मुळे दोघींना मदत मिळाली, ८ राहिला असता तर फाईल 'सध्या काळजी नाही' च्या गठ्ठ्यात गेली असती, याचा विचार अजून येतो मनात.

तर प्रत्येक गोष्टीला हा प्रश्न जोडा: ही मदत उद्या बंद झाली तर काय होईल? शाळेत जादा वेळ मिळतो का, सोपा पेपर मिळतो का, नोकरी काकांच्या दुकानात आहे का जिथे उशीर चालतो? जीएफ रोलमध्ये किती आधार लागतो हे आकड्यातच धरलेलं आहे, त्यामुळे हे विचारल्याशिवाय तो आकडा देताच येत नाही.

६) मित्र आहेत म्हणजे कसे?

संख्येला भुलू नका. शेवटचं कधी बोललास, कुणी आधी मेसेज केला, भेटलात की फक्त फोनवर, मनातलं काही सांगू शकतोस असा कुणी आहे का, भांडण झालं तर मिटतं का की संबंधच तुटतो. 'माझे खूप मित्र आहेत' म्हणणाऱ्या मुलाचे सगळे मित्र चार वर्षांपूर्वीच्या वर्गातले असू शकतात.

ऑनलाइन मैत्रीबद्दल नवीन लोक दोन टोकाला जातात, एकतर ती धरतच नाहीत किंवा पूर्ण धरतात. मी विचारते की ते एकमेकांना ओळखतात का, गेमच्या बाहेर बोलणं होतं का, हा दोन दिवस आला नाही तर कुणी विचारतं का. होय असेल तर ती मैत्रीच आहे, लिहा तसं.

जीएफ सोशलमध्ये प्रेमसंबंधांबद्दलही येतं. सगळीकडे, सगळ्या घरांत हे सारखं नसतं. घरी परवानगी नाही म्हणून कुणी नाहीये आणि कुणाजवळच जाववत नाही म्हणून कुणी नाहीये, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इच्छा होते का, एवढं हळूच विचारलं तरी पुरतं.

एकटं राहणं आवडतं असं म्हणाला तर? मग आधीही आवडायचं का, की आता लोकांची भीती वाटते, दमायला होतं, की ते आपल्याबद्दल बोलतात असं वाटतं, ते शोधा. कारण वेगळं लिहा. आकडा मात्र प्रत्यक्षात काय चाललंय त्यावरच द्यायचा.

७) घरच्यांशी बोलणं

परवानगी घेऊन, आणि शक्यतो मुलाची मुलाखत झाल्यावर. त्यांनाही तोच कालचा दिवस विचारा. आई म्हणते दिवसभर खोलीत असतो, मुलगा म्हणतो मी रोज बाहेर जातो, आणि दोघंही खरं बोलत असतात, तो रात्री अकरानंतर एकटाच चालायला जात असतो.

मतभेद असेल तर सरासरी काढू नका. दोन्ही लिहा, कोण काय प्रत्यक्ष बघू शकतं याचा विचार करा, मग ठरवा. घरचे चिडलेले असतील तर 'आळशी झालाय', 'नखरे आहेत' असे शब्द येतात, त्यांच्यावर रागावू नका, थकलेले असतात बिचारे. शांतपणे विचारा की आळशी म्हणजे काय काय करत नाही, कधीपासून. विशेषणातून वागणं बाहेर काढायचं, एवढंच.

८) आता आकडा

मॅन्युअल उघडून, प्रत्येक वेळी. पाठ झालंय असं वाटलं तरी. सोफासमध्ये ६१ ते ७० म्हणजे थोडी अडचण पण एकंदर बरं चाललंय, ५१ ते ६० मध्यम अडचण, ४१ ते ५० गंभीर, अशी पायरी आहे. आधी दहाची पायरी ठरवा, मग तिच्यात वर की खाली ते बघा. जीएफमध्ये तीन आकडे द्यायचे असतात, सध्याचा, गेल्या वर्षातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा.

इथले सापळे:

तीस टक्के म्हणजे तीस गुण नाही. कार्म्सच्या तिसऱ्या गटासाठी सोफास आधीच्या पातळीपेक्षा ३० टक्के खाली आलेला आणि निदान महिनाभर तसा टिकलेला लागतो, किंवा मग वर्षभर ५० वा त्याखाली. आधी ८० असेल तर ३० टक्के म्हणजे २४, म्हणजे ५६ ला निकष लागतो. तुम्ही डोक्यात ३० वजा केलेत तर ५० येईपर्यंत थांबाल आणि ५१ ते ५६ मधली सगळी मुलं सुटतील. आधी ६० असेल तर ४२. कॅल्क्युलेटर वापरा, लाज कसली त्यात.

संधीच नसणं म्हणजे फंक्शनिंग कमी नाही. गावात कॉलेजच नाही, परिस्थितीमुळे शिक्षण सुटलं, २०२० सारखं सगळं बंद पडलं, तर त्याचे गुण कापायचे नाहीत, सोफासच्या सूचनांमध्येच हे आहे. अशा वेळी जे हातात होतं ते त्याने किती केलं ते बघा.

त्याच्या गोष्टीने हलून आकडा वर-खाली करू नका. लक्षणं ऐकून आपण घाबरतो आणि आकडा खाली जातो, मुलगा हुशार, गोड बोलणारा असला की वर जातो, आणि हे आपल्या लक्षातही येत नाही. उपाय एकच, प्रत्येक आकड्याखाली दोन-तीन वाक्यांत पुरावा लिहा. 'जीएफ रोल ५: चार आठवड्यांत २० पैकी ९ दिवस हजर, दोन विषयांत नापास, गृहपाठ फक्त बहीण बसली तर.' पुरावा लिहिता येत नसेल तर आकडाही देता येत नाही, परत विचारायला जा.

कारणांची वजाबाकी करू नका. झोप उलटी झालीय, गांजा ओढतो, डिप्रेशन आहे, म्हणून 'खरं' फंक्शनिंग यापेक्षा चांगलं असणार असं धरून गुण वाढवायचे नाहीत. आहे ते मोजा, कारण शेजारी लिहा. उपचार ठरवताना कारणच लागतं.

९) दुसऱ्याला दाखवा

सुरुवातीच्या केसेस तरी दोघांनी स्वतंत्र आकडे देऊन मग ताडून बघा. फरक पडला की वाद आकड्यावर घालू नका, पुराव्यावर घाला, बहुतेक वेळा एकाने ऐकलेलं दुसऱ्याने ऐकलेलंच नसतं. आणि जुनी झालात तरी हे सोडू नका, आपली फूटपट्टी नकळत सरकत जाते. खूप आजारी मुलं बघितल्यावर मध्यम अडचण 'ठीक' वाटायला लागते.

१०) मुलाला काय सांगायचं

आकडा सांगायची गरज नसते, दिवस सांगा. 'गेल्या वर्षीपर्यंत तू रोज मैदानावर जायचास, दिवाळीनंतर थांबलं, आता सकाळी उठणंच सगळ्यात जड जातंय, असं मला समजलं, बरोबर आहे का?' तो दुरुस्त करेल, करू द्या. मग विचारा की यातलं कुठलं एक आधी परत हवंय. त्याने मैदान म्हटलं आणि तुमच्या मते कॉलेज महत्त्वाचं असेल, तरी मैदानापासून सुरू करा. जे अजून जमतंय ते पण सांगा, कारण इतके दिवस त्याने फक्त काय जमत नाही तेच ऐकलेलं असतं.

११) परत कधी तपासायचं

टीमच्या ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे, आणि मधे काही मोठं घडलं तर लगेच. पुढची तपासणी कदाचित दुसरंच कुणी करेल, म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा: कुठलं स्केल, कुठल्या काळाबद्दल विचारलं, घरातल्या कुणाशी बोललात, परीक्षा चालू होत्या की सुट्टी होती, कुठली औषधं चालू होती, आणि सकाळी उठवत कोण होतं.